कोरोमंडलच्या गोगलगाईचा प्रवास

चेन्नईच्या आसमंतात तळ्यांची वाण नाही. चेंबरंबाक्कम, पुळल, शोलावरम यांसारखे मोठे जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवितात; त्यांशिवाय खेडोपाडी अनेक लहान तळी, पाट व ओहोळ आहेत. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरअखेरीस ओसरला, की अशा एखाद्या तळ्याच्या काठाशी उथळ पाण्यातील मूठभर चिखल उचलावा आणि तो चाळणीत हलक्या हाताने धुवावा. चिखल वाहून जातो आणि चाळणीच्या तळाशी पुष्कळदा काही निमुळते, तपकिरी शंख उरतात. त्यांची लांबी साधारणतः दोन-तीन सेंटिमीटर असते. त्यांवर तांबूस ठिपके असतात आणि आडव्या-उभ्या रेघांमुळे त्यांचा पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो. हे शंख थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवले, तर त्यांच्या तोंडावरील झाकण बाजूस सरते, एक आखूड मुस्कट व दोन नाजूक शुंडिका बाहेर येतात आणि आतील प्राणी संथपणे चालू लागतो.

या गोगलगाईकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती पिकाची नासाडी करीत नाही, आणि तिचा शंख सुंदर म्हणून कोणी जपूनही ठेवीत नाही. परंतु पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील कित्येक झऱ्यांत, हीच गोगलगाय निसर्गशास्त्रज्ञांच्या मोठ्या चिंतेचा विषय होऊन बसली आहे. एकच प्राणी एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी उपद्रवी कसा ठरतो, हे समजून घेणे उद्बोधक आहे. कारण आज आपल्या तळ्यांना आणि ओढ्यांना जे संकट भेडसावू लागले आहे, त्याचेही उत्तर त्यातच आहे.

नाव कोपनहेगनचे, गाव कोरोमंडलचे

भारताच्या पूर्व किनाऱ्याचा जो दक्षिण भाग, त्यास युरोपीय दर्यावर्दी कोरोमंडल म्हणत. चेन्नई, म्हणजे पूर्वीचे मद्रास, याच किनाऱ्यावर वसलेले आहे. किनाऱ्याने दक्षिणेस गेल्यावर तरंगंबाडी हे गाव लागते. तेथे १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती. त्यामुळे मसाले व कापड यांबरोबर या भागातील शंखशिंपलेही युरोपातील संग्राहकांच्या हाती पडत.

ओटो फ्रेडरिक म्यूलर हा त्या काळचा विख्यात डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ. त्याने १७७४ मध्ये जमिनीवरील व गोड्या पाण्यातील कृमी आणि गोगलगाई यांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात या शंखाचे वर्णन केले, त्यास ‘नेरिटा ट्युबर्क्युलाटा’ असे नाव दिले आणि त्याचे मूलस्थान म्हणून कोरोमंडलच्या किनाऱ्याची नोंद केली. पुढे वर्गीकरणात फेरफार होऊन तिचे नाव ‘मेलॅनॉइडीस ट्युबर्क्युलाटा’ असे रूढ झाले. मृदुकाय प्राण्यांच्या उदरपाद वर्गात तिची गणना होते. तिचे नैसर्गिक वसतिस्थान मात्र कोरोमंडलपुरते मर्यादित नाही. आफ्रिकेचा उत्तर व पूर्व भाग, पश्चिम आशिया आणि दक्षिण आशिया एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात ती पूर्वापार राहत आलेली आहे. पण शास्त्राच्या दप्तरात तिचे गाव म्हणून कोरोमंडलचीच नोंद आहे.

एकटीच माता

या गोगलगाईचे सामर्थ्य तिच्या प्रजोत्पादनाच्या रीतीत आहे. तिच्या जातीत नर क्वचितच आढळतात. बहुतेक माद्यांना नराची आवश्यकता नसते. त्यांच्या अंड्यांची वाढ फलनावाचूनच होते. या रीतीस जीवशास्त्रात ‘अनिषेकजनन’ म्हणतात. शिवाय ही मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. तिच्या मानेजवळ एक पिशवी असते. तीत अंड्यांची वाढ होऊन चिमुकले शंख धारण केलेली पिले बाहेर पडतात. अशी अनेक पिले एकाच वेळी आईच्या पिशवीत निरनिराळ्या अवस्थांत वाढत असतात.

याचा अर्थ काय होतो, ते पाहू. माशांची एक जोडी नव्या तळ्यात सोडावयाची तर नर व मादी दोन्ही जगली पाहिजेत, त्यांची भेट झाली पाहिजे, अंडी व पिले शत्रूंपासून वाचली पाहिजेत. या गोगलगाईच्या बाबतीत यांतील बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. पाणवनस्पतीच्या मुळाशी चिकटून आलेले एकच पिलू नवी वसाहत स्थापन करण्यास पुरेसे असते. ती दिवसा चिखलात दडून बसते व रात्री शेवाळ आणि कुजलेला पाला खाते. म्हणून तिचे आगमन लवकर ध्यानात येत नाही. अल्प प्राणवायूचे, काहीसे दूषित, किंबहुना खारट पाणीदेखील तिला सहन होते. तिला सोसत नाही ती फक्त थंडी.

तिच्या मूळ प्रदेशात या सामर्थ्यास आपोआप आळा बसतो. तिला खाणारे मासे व पक्षी, तिच्या शरीरात राहणारे परजीवी कृमी, तेच शेवाळ खाणाऱ्या इतर गोगलगाई यांच्याशी तिचा संबंध हजारो वर्षांचा आहे. कोणी कोणाचा समूळ नाश करीत नाही आणि कोणी सर्व तळे व्यापूनही टाकीत नाही. चेन्नईजवळच्या तळ्यात ती अनेकांतील एक आहे.

झरा हे एक बेट आहे

आता झऱ्याकडे वळू. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतून वाट काढीत जेथे पृष्ठभागावर येते, तेथे झरा उगम पावतो. ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात गढूळ होते. मोठ्या झऱ्याचे पाणी मात्र वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे व एकाच गुणधर्माचे राहते. अशा स्थिर परिस्थितीत सहस्रावधी वर्षे राहिल्याने काही प्राणी त्या झऱ्याशी इतके एकरूप झालेले असतात, की ते जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील ॲश मेडोज या वाळवंटी भागात दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या अशा काही गोगलगाई आहेत, की एकेका जातीचे सारे जग म्हणजे एखाददुसरा झरा. समुद्राने वेढलेल्या बेटाप्रमाणे वाळवंटाने वेढलेला झरा हेही एक बेटच होय. बेटावरील प्राण्याला संकटकाळी माघार घेण्यास जागा नसते.

या झऱ्यांत कोरोमंडलची गोगलगाय कशी पोहोचली? शोभेचे मासे पाळण्याच्या छंदातून. काचेच्या पेटीतील शेवाळ खाऊन टाकणारी व वाळू भुसभुशीत ठेवणारी म्हणून १९३० नंतरच्या दशकात ती अमेरिकेतील व्यापाऱ्यांच्या मालात आली. पाणवनस्पतींच्या जुडग्यांतून तर ती न मागताही घरोघर गेली. छंद संपला, किंवा पेटीत गोगलगाई फार झाल्या, की लोक पेटी जवळच्या ओढ्यात रिकामी करीत. १९६४ मध्ये टेक्सस राज्यातील पाण्यांत तिची नोंद झाली. पुढे फ्लॉरिडात आणि पश्चिमेकडील ऊन पाण्याच्या झऱ्यांतही ती सापडली. उत्तर अमेरिकेचा हिवाळा तिला मारक ठरला असता. पण बारमाही उबदार पाण्याच्या झऱ्यांनी तिला आयताच आसरा दिला.

कोमल नदीतील मासा

टेक्ससमध्ये कोमल नावाची एक आखूड नदी आहे. तिचे पाणी मोठ्या झऱ्यांतून येते आणि त्याचे तापमान वर्षभर सुमारे २३ अंश सेल्सिअस राहते. या नदीत व जवळच्या सॅन मार्कोस नदीत ‘फाउंटन डार्टर’ हा बोटाच्या दोन पेरांहून लहान मासा राहतो. जगात इतरत्र तो नाही. १९७० मध्ये अमेरिकेने त्यास विनाशाच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादीत घातले.

१९९६ मध्ये शास्त्रज्ञांना कोमल नदीतील या माशांच्या कल्ल्यांवर विकृत सूज आढळली. सूक्ष्मदर्शकातून पाहता ‘सेंट्रोसेस्टस फॉर्मोसॅनस’ या पर्णकृमीच्या पुटिका दिसून आल्या. हा कृमी आशियातील. त्याचे जीवनचक्र तीन प्राण्यांतून पुरे होते. त्याची पहिली वाढ कोरोमंडलच्या गोगलगाईत होते. तेथून निघालेल्या सूक्ष्म डिंभांना पाण्याबरोबर माशाच्या कल्ल्यांत प्रवेश मिळतो व तेथे ते पुटिका करून राहतात. असा मासा बगळ्याने खाल्ला, म्हणजे त्याच्या आतड्यात कृमी प्रौढ होतो आणि त्याची अंडी विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतात. आशियातील माशांचा या कृमीशी जुना परिचय आहे; कोमल नदीतील माशाला तो सर्वस्वी नवा होता. कल्ले सुजल्याने त्याचे श्वसन बिघडू लागले. गोगलगाय त्या नदीत एकटी गेली नव्हती. तिच्या अंगावाटे एक रोगही जाऊ शकला.

हानी अन्य मार्गांनीही होते. न्यूझीलंडमधील ‘पोटॅमोपिर्गस’ नावाची गोगलगाय ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी असते. तिच्याही परदेशी वसाहती अनिषेकजननानेच वाढतात. १९८७ मध्ये ती अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या स्नेक नदीत आढळली आणि काही ठिकाणी तिची संख्या एका चौरस मीटरात लाखांच्या घरात गेली. पोलकॅट क्रीक या भूगर्भीय उष्णतेने ऊबदार राहणाऱ्या ओढ्याचे मोजमाप करून २००३ मध्ये संशोधकांनी दाखविले, की ओढ्यातील वनस्पती जेवढे सेंद्रिय द्रव्य निर्माण करतात, त्याचा तीन-चतुर्थांश भाग ही एकटी जात फस्त करते. उरलेल्या एक-चतुर्थांशावर बाकीच्या सर्व कीटकांनी, डिंभांनी आणि पर्यायाने त्यांवर जगणाऱ्या माशांनी निर्वाह करावयाचा. मासा या गोगलगाईला गिळतो. पण झाकण घट्ट मिटून ती कित्येकदा त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडते. म्हणजे अन्न पाण्यातच आहे, परंतु माशाच्या उपयोगाचे नाही.

निवाडा सोपा नाही

इतके वाचून कोरोमंडलच्या गोगलगाईस खलनायिका ठरविण्याचा मोह होईल. परंतु कॅरिबियन समुद्रातील मार्टिनीक बेटाची हकीकत वेगळे सांगते. तेथे ‘बायॉम्फलेरिया’ नावाच्या गोगलगाईमार्फत शिस्टोसोमियासिस हा माणसाचा दीर्घकालीन रोग पसरत असे. (हा रोग महाराष्ट्रासही अगदी अपरिचित नाही; रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी त्याचे रुग्ण सापडल्याचे १९५२ मध्ये नोंदले गेले.) १९८० नंतरच्या दशकात मार्टिनीकच्या पाणथळ मळ्यांत कोरोमंडलची गोगलगाय मुद्दाम सोडण्यात आली. तिने रोगवाहक जातीला हळूहळू हुसकावून लावले आणि रोगप्रसारास आळा बसण्यास साहाय्य झाले. ज्या गुणाने ती टेक्ससमध्ये संकट ठरली, त्याच गुणाने ती येथे उपकारक झाली. मात्र अशा उपायाचे परिणाम मागे घेता येत नाहीत, हे विसरता कामा नये. एकदा सोडलेली गोगलगाय परत गोळा करण्याची रीत अद्याप कोणास साधलेली नाही.

आफ्रिकेतील मलावी सरोवराचे उदाहरण तर आणखी विचारात टाकणारे आहे. तेथे या वंशातील गोगलगाई मुळातच होत्या. बाहेरून पाहणाराला काही बदल जाणवत नव्हता. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षणात असे आढळले, की सरोवराच्या काही भागांत जुन्या रहिवाशांची जागा आशियातून आलेल्या, दिसण्यात तशाच असलेल्या गोगलगाईंनी घेतली आहे. घर तेच, दारावरची पाटीही तीच. आत राहणारे मात्र बदलले होते.

उलट दिशेने येणारी वाट

जी वाट कोरोमंडलहून अमेरिकेस गेली, तीच वाट तेथून आपल्याकडेही येते. चेन्नईतील कोळत्तूर हा भाग शोभेच्या माशांची पैदास व विक्री यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु शोभेच्या बाजारातून विकत घेतलेला प्राणी जेव्हा नकोसा होतो, तेव्हा त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकासमोर उभा राहतो. दक्षिण अमेरिकेतील काटेरी कवचाचा, काच चाटणारा मासा आज तमिळनाडूतील जलाशयांत सापडतो, तो याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरामुळे.

गोगलगाईंतही अशी उदाहरणे आहेत. ‘फायसा अक्यूटा’ ही लहान गोगलगाय १८०५ मध्ये फ्रान्समधून वर्णिली गेली. म्हणून ती युरोपची मानली जाई. पुढे ती मूळची उत्तर अमेरिकेची असल्याचे सिद्ध झाले. पाणवनस्पतींच्या पानांखाली तिची अंडी पारदर्शक बुळबुळीत पुंजक्यांत चिकटलेली असतात आणि त्यांच्याबरोबर ती जगभर फिरली. भारतातील तळ्यांत व गटारांतही तिने बस्तान बसविले आहे. दक्षिण अमेरिकेतील ‘पोमेसिया’ वंशाची एक मोठी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाद्य म्हणून तैवानात व पुढे फिलिपीन्समध्ये आणली गेली. खाणारे फारसे मिळाले नाहीत. ती भाताच्या खाचरांत शिरली आणि कोवळी रोपे कुरतडू लागली. त्याच वंशातील एक सोनेरी जात भारतात शोभेसाठी विकली जाते. भातशेतीवर जगणाऱ्या कावेरीच्या खोऱ्यास वा कोकणास ही गोष्ट उपेक्षणीय वाटू नये.

असा पाहुणा एकदा स्थिरावला म्हणजे काय होते, याचा अनुभव चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर व पुलिकतच्या खाडीत मिळतो. ‘मायटेला स्ट्रायगाटा’ हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील शिंपला तेथे पसरला आहे. तो गोगलगाय नव्हे आणि त्याचे पाणी मचूळ आहे. पण धडा तोच. तेथील मच्छीमार त्यास ‘काक्का आळी’ म्हणतात. हे शिंपले खाडीच्या तळावर दाट थर करून बसतात. त्यांमुळे कोळंबीला चिखलात थारा मिळेनासा झाला आणि आपण पूर्वापार वेचीत आलो ते शिंपले दिसेनासे झाले, अशी त्या मच्छीमारांची तक्रार आहे. हातजाळ्यावर दिवस काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न भाकरीचाच होय.

पुराने हे संकट वाढते. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला महापूर आला, तेव्हा चेन्नईत तळे, नाला, रस्ता व अंगण यांतील सीमा पुसल्या गेल्या. अशा प्रसंगी अंगणातील टाकीत पाळलेला प्राणी नदीत जावयास कोणाची परवानगी लागत नाही.

सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर

महाराष्ट्रातील वाचकाने एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावी. आपल्या सह्याद्रीतही बेटांसारखी वसतिस्थाने आहेत. धबधब्यांच्या तुषारांनी भिजलेल्या कातळांवर ‘क्रेम्नोकाँकस’ नावाच्या चिमुकल्या गोगलगाई राहतात. त्यांचे बहुतेक भाऊबंद समुद्रकाठच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारे. हा एकच वंश गोड्या पाण्याचा आश्रय करून डोंगरात राहिला. पश्चिम घाटाबाहेर तो जगात कोठेही नाही. एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या तीन जाती महाराष्ट्रातील सह्याद्रीतून ठाऊक होत्या. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी कर्नाटकातील घाटातून आणखी सहा जातींचे वर्णन केले. दीडशे वर्षांनंतरही ज्या वंशाचे नवे सदस्य सापडतात, त्याची ओळख पुरती होण्यापूर्वीच त्याचा कडा दुसऱ्या कोणी बळकावला, तर ती हानी भरून निघणारी नाही. नेव्हाडातील झऱ्यांची कथा म्हणून आपल्याला दूरची वाटू नये.

आपल्या हाती काय आहे

पसरलेली गोगलगाय नाहीशी करणे जवळजवळ अशक्य असते. विष टाकावे, तर तिच्याआधी तेथील मूळचे जीव मरतात. हाताने वेचावी, तर चिखलात राहिलेले एक पिलू पुन्हा वसाहत उभी करते. म्हणून खरा उपाय एकच: तिला नव्या पाण्यात जाऊ न देणे. आणि हा उपाय शासनाइतकाच शाळेच्या व घराच्या हाती आहे.

शाळेतील वा घरातील जलजीवालयाचे पाणी तळ्यात, विहिरीत वा नाल्यात ओतू नये. ते कोरड्या जमिनीवर, झाडांच्या आळ्यात ओतावे. जुन्या पाणवनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकाव्यात. नकोसे झालेले प्राणी विक्रेत्यास परत करावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावेत. दयाबुद्धीने तलावात सोडू नयेत. त्या दयेची किंमत तलावातील इतर प्राण्यांना द्यावी लागते. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाताना जाळी, बादल्या व पादत्राणे धुऊन सुकवावीत.

विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या तळ्याची पाहणीही करता येईल. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड उजव्या हाताकडे असेल, तर तो शंख उजवा. उंच टोकाचा, पातळ कवचाचा, बिनझाकणाचा शंख डावा निघाला, तर तो ‘फायसा’ असण्याचा संभव आहे. पाण्याबाहेर, गवताच्या काडीवर अगर भिंतीवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसला, तर शिक्षकांनी ती बातमी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागास अवश्य कळवावी. गोगलगाईंच्या शरीरात कृमी असू शकतात. म्हणून त्या हाताळल्यावर हात साबणाने धुण्यास विसरू नये. दरवर्षी एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात केलेली अशी नोंद दहा वर्षांनी मोलाची ठरते. कोणता नवा रहिवासी केव्हा आला आणि कोणता जुना केव्हा नाहीसा झाला, हे अशा वहीवाचून कळण्यास दुसरा मार्ग नाही.

म्यूलरने १७७४ मध्ये कोरोमंडलच्या गोगलगाईस नाव दिले, तेव्हा ती आपल्या गावी होती. आजही चेन्नईजवळच्या तळ्यातील चिखलात ती पूर्वीसारखीच निमूटपणे राहते आहे. तिच्या अंगी नवा दुर्गुण काही आलेला नाही. तिला जेथे नेण्याचे कारण नव्हते तेथे माणसाने नेले, एवढेच घडले. यापुढे ते घडू नये यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. काचेची पेटी रिकामी करताना क्षणभर थांबणे पुरेसे आहे.